ब्रह्मचाऱ्याचा घास

दुसऱ्याच्या कष्टाच्या द्रव्यावर ज्याचा योगक्षेम चालतो, त्याने स्वतःच्या उदरासाठी किती खर्च करावा, हा प्रश्न वरकरणी हिशेबाचा वाटला, तरी मुळात तो धर्माचा आहे. आणि मुंबईच्या उपनगरांत, अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत व घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, गावाकडून येणाऱ्या तुटपुंज्या रकमेवर अथवा शिष्यवृत्तीच्या हप्त्यावर महिना रेटीत पूर्णवेळ शिकणारी जी असंख्य मुले-मुली राहतात, त्यांना तो दर महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात, कोणत्याही ग्रंथाचा आधार न घेता, एकट्याने सोडवावा लागतो. त्यांना उपदेश पुष्कळ मिळतो. विद्यार्जन हे तप आहे, तपात क्लेश असावयाचेच, थोरांनी असेच दिवस काढले, असे वडीलधारी मंडळी सद्‌भावनेने सांगतात, आणि मुलेही ते श्रद्धेने ऐकतात. या उपदेशात एक थोर सत्य आहे आणि त्याला चिकटून एक घातक चूकही आहे. ती दोन्ही वेगळी करून पाहणे मला अत्यंत निकडीचे वाटते, कारण त्या चुकीची किंमत विशीतली मुले आपल्या शरीराने भरीत आहेत.

या मुलांच्या जमाखर्चाची वही उघडली, म्हणजे प्रथम हे ध्यानात येते की, तिच्यातील बहुतेक बाबी त्यांच्या हुकमतीबाहेरच्या आहेत. महाविद्यालयाचे शुल्क ठरलेले. कॉटबेसिसवर मिळालेल्या खाटेचे भाडे आणि तिच्यासाठी आगाऊ भरलेले डिपॉझिट ठरलेले. विजेच्या बिलातला वाटा चौघांत विभागून येणारा. रेल्वेचा पास महाविद्यालयाच्या सवलतीच्या अर्जावर निम्म्या दरात मिळाला, तरी तो काढल्यावाचून सुटका नाही. बेस्टचे किमान भाडे २०१९ साली ५ रुपयांवर आले होते, ते २०२५ च्या मे महिन्यात १० रुपये झाले, आणि ज्याची खोली स्थानकापासून दूर, त्याच्या वहीत ती वाढ दिवसातून दोनदा नोंदली गेली. वर्सोव्याहून अंधेरीमार्गे घाटकोपरला जाणारी मेट्रो २०१४ पासून धावते आहे व तिने वेळ वाचतो, पण ज्याच्यापाशी वेळेपेक्षा पैसा कमी, तो मुलगा अजूनही दादरला गाडी बदलून पासावरच प्रवास करतो. मोबाइलचा रिचार्ज टाळता येत नाही, कारण वर्गाच्या सूचना, नोट्स आणि परीक्षेचे अर्ज हे सारे आता त्यातूनच येते. अशा रीतीने एकेक बाब वजा होत गेल्यावर जी एकच रक्कम संकोचक्षम उरते, ती अन्नाची. भाडे थकले तर घरमालक बोलतो, पास संपला तर तिकीट तपासनीस पकडतो, शुल्क राहिले तर परीक्षेचा अर्ज अडतो. पोटाची थकबाकी मात्र वसूल करावयास कोणी दारी येत नाही. म्हणून प्रथम सकाळचा नाश्ता उडतो, मग दुपारच्या जेवणाच्या जागी वडापाव येतो, मग दोन वेळच्या डब्याचा एक वेळचा डबा होतो, आणि शेवटी तो एक डबा खोलीतल्या दोघी वाटून घेतात.

सरकारनेही विद्यार्थ्याचे एक अंदाजपत्रक करून ठेवले आहे, आणि ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून चालू असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत मुंबईसारख्या शहराकरिता वर्षाला ६०,००० रुपयांची नेमणूक आहे : भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. योजना मोलाची आहे, आणि तिच्यावाचून ज्यांचे शिक्षण थांबले असते अशी मुले उपनगरांत पुष्कळ आहेत. परंतु ३२,००० रुपये वर्षाच्या दिवसांवर पसरले, तर दिवसाला सुमारे ८८ रुपये पडतात, आणि २०,००० रुपयांचे मासिक मान १,६६७ रुपयांच्या आसपास जाते. या रकमेत अंधेरीत वा घाटकोपरात खाट कोठून मिळणार? ज्या बाबीची तरतूद अपुरी पडते, तिची भरपाई दुसऱ्या बाबीतून करणे हा जमाखर्चाचा स्वभाव आहे. तेव्हा कागदावर भोजनासाठी म्हणून आलेले पैसे प्रत्यक्षात घरमालकाच्या हाती जातात, आणि हप्ता येण्यास विलंब झाला तर मधल्या काळात वाण्याची उधारी वाढते. येथे कोणी अप्रामाणिक वागला असे म्हणता येणार नाही. तरीही शेवटी अन्नच कमी झाले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हे जे अन्न कमी झाले, ते तप होय काय?

आपल्या परंपरेत व्रताला संकल्प लागतो. चातुर्मासात एकभुक्त राहणारी माझ्या आजीच्या पिढीतील स्त्री आषाढी एकादशीला तसा नेम धरीत असे, आणि दुसऱ्या जेवणाचे अन्न घरात असतानाही ते न घेणे हे त्या नेमाचे सार होते. जे मिळूच शकत नाही, त्याचा त्याग करता येत नाही. अपरिग्रहाचेही तेच आहे; परिग्रहाची शक्यता असून जो हात आवरतो, तो अपरिग्रही. बोरिवलीच्या खोलीत रात्री पाणी पिऊन झोपणाऱ्या मुलाने कसलाही संकल्प सोडलेला नसतो, त्याने अन्नाचा त्याग केलेला नसतो. अन्न त्याच्यापर्यंत आलेलेच नसते. त्याच्या या स्थितीला तप म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या अभावाला आपण पुण्याचे नाव देणे आहे, आणि असे नाव एकदा दिले, म्हणजे तो अभाव दूर करण्याचे आपले कर्तव्य आपोआप संपते. मला चूक म्हणावयाची आहे ती हीच.

ज्या ब्रह्मचर्याश्रमाचा दाखला या प्रसंगी दिला जातो, त्याचे नियम तरी काय सांगतात? आपस्तंबाच्या व बौधायनाच्या धर्मसूत्रांत चारही आश्रमांच्या आहाराचे मान दिलेले आहे. संन्याशाला आठ घास, वानप्रस्थाला सोळा, गृहस्थाला बत्तीस, आणि ब्रह्मचाऱ्याला? त्याच्या घासांना मर्यादाच घातलेली नाही. त्याला जोडूनच असेही सांगितले आहे की, अग्नी बाळगणारा यजमान, गाडीचा बैल आणि ब्रह्मचारी हे तिघे खाऊनच आपले कार्य सिद्धीस नेतात, न खाणाऱ्यास ते साधत नाही. किती नि:संदिग्ध विधान आहे हे! ज्या सूत्रकारांनी विद्यार्थ्याला मध, मांस, सुगंध, माला, मऊ शय्या इत्यादी शेकडो गोष्टी निषिद्ध केल्या, ज्यांनी त्याच्या निजण्या-उठण्याच्या वेळांपर्यंत निर्बंध घातले, त्यांनीच त्याच्या भाताच्या राशीला हात लावला नाही. शिकणे हे श्रमाचे काम आहे आणि वाढत्या वयातील देहावर ते दुहेरी पडते, हे त्यांनी ओळखले होते.

छांदोग्य उपनिषदातील कथा याहूनही अधिक स्पष्ट आहे, आणि तिचे वैशिष्ट्य असे की, ती आज्ञा करीत नाही, प्रयोग करून दाखविते. बारा वर्षे अध्ययन करून आलेल्या श्वेतकेतूला त्याचा पिता उद्दालक आरुणी सांगतो की, पंधरा दिवस अन्न घेऊ नकोस, पाणी मात्र हवे तितके पी. सोळाव्या दिवशी तो पुत्राला ऋचा, यजुर्मंत्र आणि सामे म्हणावयास सांगतो, आणि ज्याला आपल्या विद्येचा अभिमान होता त्या श्वेतकेतूला काही म्हणता काही आठवत नाही. मग पिता त्याला जेवावयास धाडतो. जेवून आल्यावर विचारलेले सर्व तो बिनचूक म्हणून दाखवितो. मन अन्नमय आहे, हा सिद्धांत उद्दालकाने असा पुत्राच्या अनुभवावर सिद्ध केला. ज्या उपनिषदाने ब्रह्मात्मैक्याचा महान उपदेश याच पुत्राला पुढे केला, त्याने त्या उपदेशाआधी त्याला पोटभर जेवावयास घातले आहे, हा क्रम मला विलक्षण अर्थपूर्ण वाटतो. परीक्षेच्या आठवड्यात डबा बंद करून त्या पैशांत मार्गदर्शिका विकत घेणारी मुलगी नकळत श्वेतकेतूचाच प्रयोग करीत असते. तिला जेवावयास धाडणारा उद्दालक तेवढा जवळ नसतो.

यावर एक वजनदार आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. महाभारताच्या आदिपर्वात आयोद धौम्य ऋषींचा शिष्य उपमन्यू याची कथा येते. गुरूच्या गाई राखणारा हा मुलगा धष्टपुष्ट दिसतो, म्हणून गुरू विचारतात, तू कशावर राहतोस? भिक्षेवर, असे तो म्हणताच ती भिक्षा गुरू स्वतःकडे घेतात. तो दुसऱ्यांदा भिक्षा मागू लागतो, तर तीही बंद होते. मग गाईंचे दूध, मग वासरांच्या तोंडचा फेस, असा एकेक मार्ग गुरू रोखीत जातात आणि शेवटी रुईची पाने खाऊन आंधळा झालेला उपमन्यू विहिरीत पडतो. विद्यार्थ्याने भूक सोसावी, या मताचे लोक या कथेवर विसावतात. परंतु कथा लक्षपूर्वक वाचली, तर तिच्यात भुकेची स्तुती सापडत नाही. दुसऱ्यांदा भिक्षा मागू नये, याचे कारण गुरू असे देतात की, त्यामुळे भिक्षेवरच जगणाऱ्या इतरांच्या वृत्तीला बाध येतो. फेस पिऊ नये, कारण दयाळू वासरे तुझ्यासाठी अधिक फेस टाकतील आणि स्वतः उपाशी राहतील. म्हणजे माझ्या घासात दुसऱ्याचा वाटा आहे, ही जाणीव हा त्या शिकवणीचा गाभा. आणि मुलगा संध्याकाळी परतला नाही, हे कळताच तोच गुरू रानात हाका मारीत त्याला शोधावयास निघतो. उपासाची आज्ञा करणारा गुरू शिष्याच्या जिवाला जबाबदार होता. आजच्या उपनगरी विद्यार्थ्याला उपास घडविणारी जी परिस्थिती आहे, तिला हाक मारण्यासाठी तोंड नाही.

आपल्या महाराष्ट्रात या हाकेला ओ देण्याची एक रीत होती. तिचे गुण आणि दोष दोन्ही सांगितले पाहिजेत. वार लावून जेवणे आणि माधुकरी मागणे या दोन प्रथांवर गेल्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत कित्येकांची शिक्षणे झाली. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात घरे ठरवून गरीब मुलगा शिकत असे. पुण्यात १९०९ साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने माधुकरीच्या आधारावर मुलांना शिकविले. तीच संस्था पुढे पुणे विद्यार्थी गृह झाली, आणि घाटकोपरची विद्याभवन शाळा हा तिचाच विस्तार आहे, ही गोष्ट त्या शाळेवरून रोज जाणाऱ्यांपैकी थोड्यांना ठाऊक असेल. पण वाराच्या पंगतीत जागा कोणाला होती? ब्राह्मणाच्या मुलाला. इतरांच्या मुलांसाठी ती सातही दारे बंद होती, आणि म्हणूनच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगे उभारली, तेव्हा त्यांनी केलेले काम अन्नदानापेक्षा मोठे होते. अन्नाच्या दारावरची जातीची अर्गळा त्यांनी काढली. वार लावणाऱ्या मुलाला ज्या उपकाराच्या नजरेखाली जेवावे लागे, तीही या बोर्डिंगांत बरीच ओसरली.

काटकसरीने शिकलेल्यांत ज्यांचे नाव आज सर्वांत आधी घेतले जाते, ते डॉ. आंबेडकर. १९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. महिना साडेअकरा पौंड मिळत, आणि त्या बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याचा करार होता. १९२० मध्ये सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातून राखलेली शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांवर ते पुन्हा लंडनला गेले, आणि ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दुपारचे जेवण टाळून दिवसच्या दिवस बसले. ही हकीकत सांगून उपाशी मुलांना धीर दिला जातो. मला त्या हकीकतीचा उत्तरार्धही तितक्याच आग्रहाने सांगितला जावा असे वाटते. १९२३ मध्ये परतलेल्या व त्याच वर्षी डॉक्टर ऑफ सायन्स झालेल्या या माणसाने पुढच्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२५ साली तिच्या वतीने सोलापुरात विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू झाले. आपण सोसलेली भूक पुढच्या पिढीने अभ्यासक्रम म्हणून सोसावी, असे त्यांना वाटले नाही. त्यांनी तिच्यासाठी चूल पेटविली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे बोर्डिंग काढले, मुलांच्या हाताला काम दिले, कमवा आणि शिका हा मार्ग रूढ केला. आणि त्याच बोर्डिंगातील धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, मंगळसूत्रासकट, विकावयास काढले. मुलांना आज एक वेळ जेवा, हेही तप आहे, असे सांगणे त्या माउलीला किती सोपे होते! तिने ते सांगितले नाही.

मग काटकसरीला धर्मात स्थान नाही काय? आहे, आणि ते मानाचे आहे. उपदेशातले थोर सत्य मी मघाशी म्हटले ते येथे आहे. पित्याने शेतीच्या उत्पन्नातून, आईने शिवणकामातून, अथवा समाजाने करातून दिलेले द्रव्य विद्यार्थ्यापाशी ठेवीसारखे असते, आणि ठेवीचा हिशेब राखणे ही सचोटी आहे. रोजच्या रोज वही लिहिणारा विद्यार्थी माझ्या दृष्टीने एक प्रकारची संध्याच करीत असतो, कारण त्या पाच मिनिटांत तो आपल्याला देणाऱ्यांचे स्मरण करतो. वेदान्ताच्या ग्रंथांत नित्य आणि अनित्य यांमधला विवेक साधनचतुष्टयाचे पहिले अंग म्हणून येतो; इच्छा आणि आवश्यकता यांमधला विवेक या वहीच्या कडेला रोज थोडाथोडा शिकता येतो. नवा फोन की जुन्याचीच दुरुस्ती, रिक्षा की पायी चालणे, यांत हात आवरला, तर तो खरा आवरलेला हात. कारण तेथे निवड होती.

परंतु या काटकसरीतही मी स्मृतिकार मनूच्या पूर्णपणे मागे जाऊ शकत नाही. त्याने ब्रह्मचाऱ्याला नृत्य, गीत, वाद्य वर्ज्य केले आहे. मुलुंडच्या कालिदास नाट्यमंदिरात, पार्ल्याच्या दीनानाथमध्ये किंवा बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात बाल्कनीचे तिकीट काढून महिन्यातून एखादे नाटक पाहणाऱ्या विद्यार्थ्याने वडिलांच्या घामाचा अपव्यय केला, असे मला म्हणवत नाही. ज्या शहरात तो शिकावयास आला, त्या शहराने त्याला वर्गाबाहेरही काही शिकवावे, ही त्याच्या वडिलांचीही इच्छा असेल. त्यांना विचारले तर ते बहुधा तसेच सांगतील, आणि न विचारताच मुलगा आधी अपराधी होऊन बसतो.

हे न विचारणे आणि न सांगणे हाच या जमाखर्चातला सर्वांत दुखरा भाग आहे. रात्री गावाहून फोन येतो; आई विचारते, जेवलीस का गं? आणि मुलगी म्हणते, हो, जेवले. तिकडे आईनेही या महिन्याचे पैसे पाठविताना स्वतःचे काहीतरी कमी केलेले असते, बहुधा औषध, कधी दूध, आणि तीही म्हणते, आमचे सगळे ठीक आहे. दोघीही प्रेमापोटी असत्य बोलतात. हे असत्य क्षम्य आहे, हे मी कोणत्याही धर्मशास्त्रापुढे म्हणावयास तयार आहे; पण त्याचा परिणाम क्षम्य नाही, कारण दोन घरांतली भूक परस्परांपासून लपून राहते आणि तिसऱ्या कोणालाच ती दिसत नाही. उपमन्यूने प्रत्येक वेळी गुरूला आपण कशावर जगतो ते खरे सांगितले. त्याच्या साऱ्या निष्ठेत मला हा भाग सर्वांत मोठा वाटतो. वहीतली अन्नाची ओळ खरी लिहावी आणि ती घरी, मैत्रिणीला, एखाद्या प्राध्यापकाला दाखवावी, यात लज्जास्पद काही नाही.

तैत्तिरीय संहितेने ब्राह्मण जन्मतः तीन ऋणे घेऊन येतो असे म्हटले, आणि त्यांपैकी ऋषिऋण फेडण्याचा मार्ग ब्रह्मचर्य, म्हणजे अध्ययन, हा सांगितला. बडोद्याच्या करारात परतफेड दहा वर्षांच्या चाकरीने व्हावयाची होती. ऋषिऋणात ती शिकण्यानेच होते, ऋषींना रुपये परत करावयाचे नसतात. म्हणून जो विद्यार्थी नीट जेवून, नीट झोपून, मन लावून शिकतो, तो देणाऱ्यांचे देणे त्याच दिवशी फेडू लागलेला असतो, आणि जो त्यांचे पैसे वाचविण्यासाठी उपाशी राहून पुस्तकापुढे डुलक्या घेतो, त्याचे ऋण वाढत असते, त्याचा हेतू कितीही निर्मळ असला तरी. अंधेरीच्या एका पोळीभाजी केंद्रात गेल्या वर्षी माझ्यासमोर एका नुकत्याच नोकरीस लागलेल्या तरुणाने, आपल्या जुन्या खोलीत आता राहणाऱ्या, नात्यागोत्याच्या नसलेल्या दोन मुलांच्या परीक्षेपर्यंतच्या डब्याचे पैसे आगाऊ भरले आणि मालकिणीला बजावले, की ताई, त्यांना नाव सांगू नका, फक्त डबा चुकवू नका. मालकिणीने वहीत दोन नावे लिहून घेतली व त्यांपुढे जूनपर्यंतच्या तारखा टाकल्या.